पुसलेली वाट

एकदा एका बाईने मनावर घेतले, की आपण हिमनदीवर जायचे. तिचे नाव इरावती. वय तिशीचे, राहणारी साताऱ्याची, महाविद्यालयात भूगोल शिकवणारी. सह्याद्रीचे कडे तिच्या पायाखालचे होते. दोन हिवाळे मनालीजवळच्या उतारांवर राहून ती स्कीही चांगली शिकली होती. पण हिमनदी तिने वर्षानुवर्षे फळ्यावर काढली, तिच्यावर पाऊल मात्र कधी ठेवले नव्हते. म्हणून आश्विनाच्या आरंभी रजा काढून ती लाहौलात एका वृद्ध वाटाड्याकडे गेली.

त्याचे नाव अंगरूप. सत्तरी उलटलेली, अंगाने काटक, बोलणे मोजके. तिकडे आजोबांना मेमे म्हणतात. सारे खोरे त्याला मेमेच म्हणे, तीही म्हणू लागली.

हा काळ हिमनदीवर कठीण असतो. उन्हाळाभर बर्फ वितळून तिच्या अंगावर खोल भेगा उघड्या पडलेल्या असतात, आणि नेमका तेव्हाच पहिला नवा हिमपात होतो. हातभर जाडीचे भुसभुशीत बर्फ भेगांवर पसरते आणि खालची पोकळी झाकून टाकते. वरून पाहणाऱ्याला दिसते ते एक निर्मळ, पांढरे मैदान.

दोघांनी हिमनदीच्या काठाशी, दगडांच्या उंचवट्यावर तंबू ठोकला होता. शेजारी दुसरा तंबू होता लुधियानाच्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याचा. माणूस उमदा, परदेशातल्या उतारांवर स्की खेळलेला. बरोबर त्याची विशीतली मुलगी होती. चौथ्या दिवशी पहाटे मेमे आणि इरावती निघाले, तेव्हा व्यापारी तंबूबाहेर आला.

"तुम्ही पुढे व्हा," तो म्हणाला. "दुपारी, ऊन तापलं की आम्ही तुमच्या खुणांवरून येतो."

मेमे खाली वाकून पायातल्या स्कीचे पट्टे आवळत होता. इरावतीच म्हणाली, "या, खुशाल या. वाट तयार मिळेल."

काठापासून दीडशे पावलांवर मेमे थांबला. हातातली लांब काठी त्याने बर्फात खुपसली. मग एक पाऊल पुढे, पुन्हा काठी. बराच वेळ हे चालले. "इथं खाली भेग आहे," तो म्हणाला. "वर बर्फाचा पूल धरलाय. गारठ्यानं घट्ट आहे. दोर ताणून धर, मी पलीकडे जातो." तो गेला, मग ती गेली. पायाखाली बर्फ दगडासारखे कडक लागले. त्यापुढेही तो दर चार पावलांना काठी मारीत होता, आणि हिमनदीच्या माथ्यावरच्या खिंडीत पोहोचायला त्यांना साडेचार तास लागले.

उतरताना मात्र आनंदी आनंद होता. खिंडीखालचा उतार मेमेने चढतानाच तपासला होता. इरावती त्यावरून डावीकडे, उजवीकडे वळणे घेत खाली आली. बर्फ दोन्ही बाजूंना पिसासारखे उडत होते. इतके हलके आपल्याला शेवटचे कधी वाटले होते, हे तिला आठवेना. मेमे मागून आला, अगदी सावकाश, एकही वळण वाया न घालवता.

पुलाच्या अलीकडे तो थांबला. सकाळच्या खुणांवरून थेट खाली जावे, असे तिच्या मनात होते. तो म्हणाला, "आता इथून नाही." आणि काठी मारीत, भेगेला लांबचा वळसा घालून तो तिला खाली घेऊन आला.

खाली आल्यावर त्याने जे केले, ते इरावतीला अजिबात कळले नाही. "दोर धरून उभी राहा," म्हणून त्याने तिला सांगितले आणि स्की काढून तो भेगेच्या खालच्या अंगाला गेला. मग एक स्की हातात घेऊन तो सकाळच्या खुणा पुसू लागला. बर्फ ओढायचे, खुणेवर लोटायचे, सारखे करायचे. मागे मागे सरकत, धापा टाकत, तो काठापर्यंत दीडशे पावलांची सगळी वाट पुसत आला. मध्ये दोनदा खाली बसला. तिने मदतीला यायचे म्हटले, तर "दोर सोडू नकोस" एवढेच म्हणाला.

इरावतीला वाईट वाटले, आणि रागही आला. आपण त्या माणसाला शब्द दिला होता. म्हातारपणी माणसाला आपली विद्या आपल्याबरोबरच न्यावीशी वाटत असावी, असेही तिच्या मनात येऊन गेले. गुरूबद्दल असे मनात यावे याची तिला लाज वाटली. पण आले होते खरे.

एवढ्यात व्यापारी आणि त्याची मुलगी काठाशी आले. दुपार कलू लागली होती.

"वाट कुठे आहे?" व्यापाऱ्याने विचारले.

"पुसली," मेमे म्हणाला.

"कोणी?"

"मी."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. त्याने इरावतीकडे पाहिले.

"ठीक आहे," तो म्हणाला. "डोंगर तुमचा, मर्जी तुमची. आम्ही आमची वाट काढू."

"काढा ना," मेमे म्हणाला. "मी येतो बरोबर. ही काठी घ्या. दोर मी धरतो. तुम्ही पुढे."

व्यापाऱ्याला हे अपेक्षित नव्हते. त्याने काठी घेतली. समोर कोरे बर्फ होते, त्यामुळे त्याला प्रत्येक पावलाला काठी मारणे भाग पडले. दीडशे पावलांना अर्धा तास लागला. मग एका ठिकाणी काठी मुठीपर्यंत आत गेली, आणि तो जागच्या जागी थिजला.

"दोन पावलं मागे या," मागून मेमे शांतपणे म्हणाला. "आता काठीनं पुढे जोरात ठोका."

त्याने ठोकले. आधी काहीच झाले नाही. मग खोलीएवढे बर्फ आवाज न करता खाली बसले आणि दिसेनासे झाले. ते तळाशी आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने वर आला. उरली ती निळी-काळी फट. सकाळी इरावती नेमकी तिथून चालून गेली होती.

व्यापारी काठाशी परत आला. त्याची मुलगी तिथेच उभी होती. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायला विसरला.

"मी हिला पुढे घालणार होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "वजनानं हलकी म्हणून."

मेमेने थर्मासमधला चहा ओतून आधी मुलीला दिला, मग व्यापाऱ्याला.

थोड्या वेळाने इरावती म्हणाली, "मेमे, त्यापेक्षा तिथं एखादी निशाणी रोवायची होती. धोका आहे म्हणून."

"निशाणी रोवली असती, तर एवढीच जागा वाईट आणि बाकी सगळी चांगली, असं वाटलं असतं," मेमे म्हणाला. "अशा भेगा इथं किती आहेत, ते मलाही ठाऊक नाही. आणि खूण कशी असते बघ. ती खोटं बोलत नाही, पण बोलते पहाटेचं. पहाटे पूल कडक होता, उन्हानं तो आतून विरघळला. खूण मात्र उन्हात आणखीच ठळक दिसते. ती दिसली की माणूस काठी पाठीला लावतो. ज्याच्या हातात काठी नाही, त्याच्यासाठी मी खूण कशी ठेवू?"

इरावती विचारात पडली. "मग मोठ्यांच्या पावलावर पाऊल ठेवूच नये का?"

वृद्ध हसला. "पाऊल कुठं पडलं ते बघून काय मिळणार, मुली? ते टाकायच्या आधी तो माणूस किती थांबला, ते बघ. तेवढं शिकलीस तर कुठल्याही बर्फावर चालशील."

मघाशी मनात आलेले तिने त्याला सांगून टाकले. तो म्हणाला, "चहा निवतोय."

दुसऱ्या दिवशी पहाटे चौघे एका दोरावर निघाले. मेमेने इरावतीला पुढे घातले आणि स्वतः शेवटी राहिला. रात्री वारा सुटला होता, त्यामुळे कुणाचीच खूण कुठे उरली नव्हती. ती काठी मारीत निघाली. सुरुवातीला चारचारदा मागे वळून पाही. पुढे पुढे ते कमी झाले. एका जागी काठी जरा हलकी गेली. ती थांबली, डावीकडे सरकली, पुन्हा तपासले, आणि बर्फ घट्ट लागल्यावर पुढे झाली.

तेव्हा तिने एकदाच मागे पाहिले. व्यापारी आणि त्याची मुलगी दोर सांभाळीत येत होती. मेमे तिच्याकडे पाहतच नव्हता. तो पलीकडच्या शिखरावर उतरणारे ऊन पाहत, निवांत चालला होता. त्याचे ते न पाहणे तिला पुरे झाले. तिने काठी उचलली आणि पुढल्या पावलाची जागा तपासू लागली.