पातळ लॅपटॉपचे मनसुबे

लॅपटॉप अजून आपल्या माणसांबद्दल एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही हकिकत आहे.

मिरजेतल्या इराण्णांच्या दुरुस्तीच्या दुकानात एका फळीवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी होते. एक जाडजूड, विकायला ठेवलेला. दुसरा वहीएवढा पातळ. तो दुरुस्तीला आला होता, आणि मोठ्या खुशीत होता.

"मला आता दुप्पट मेमरी बसणार," तो म्हणाला. "पुढे दोन दिवस चालणारी बॅटरी. मग घडी होणारा पडदा. बाई मला दरवर्षी नवं काहीतरी देतील."

जाड्याने विचारलं, "तुझं पोट उघडतं कुठून?"

"उघडायचं कशाला? मला साधी फटसुद्धा नाही."



संध्याकाळी वैजयंताबाई आल्या. गावोगाव हिंडून त्या जुन्या विहिरींची नोंद करत.

"बाई, यात काहीच वाढवता येत नाही," इराण्णा म्हणाले. "पातळ करायचं म्हणून सगळं एकाच बोर्डावर सोल्डर करून कायमचं जोडून टाकलंय. त्यापेक्षा हा जाड घ्या. याला मी कालच नवी मेमरी घातली."

बाईंनी पातळ लॅपटॉपवरून हात फिरवला. "सहा वर्षं होता हो माझ्याजवळ. याचं आता काय होईल?"

"पडदा काढून ठेवीन. कुणाला तरी लागेल."

विहिरींच्या नोंदी जाड्यात उतरवून झाल्या. बाई जाड्याला पिशवीत घालू लागल्या, तेव्हा पातळ लॅपटॉप हळूच म्हणाला, "त्यांचा डावा खांदा फार दुखतो रे. म्हणून तर मला घेतलं होतं."

जाड्याने अंग आक्रसून घेतलं. पण वजन रतीभरही कमी झालं नाही.