बाजेचा सैल फेरा

“मग बीजगणितापासून सुरू करू, का एकदम त्रिकोणमितीपासून?”

पोरीनं आल्या आल्या विचारलं. अजून चपलासुद्धा पायातच.

नाईकवडे मास्तरांनी मान वर केली नाही. ते बाज विणत होते. अर्धी झाली होती, अर्धी नुसती चौकट.

“दोन खाली... दोन वर...” मास्तर पुटपुटले.

शंकराच्या देवळामागं मास्तरांची पत्र्याची खोली आहे. हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झाले, तरी तीन तालुक्यांतली पोरं गणित अडलं की तिथं येतात. मी रोज सकाळी जातो, पण गणितासाठी नाही. मी चौथी सोडली ती सोडलीच. बाजा विणणं हा माझा धंदा, आणि मास्तरांना म्हातारपणी ते शिकायची हौस आली. शिकवायला लागलो तेव्हा कळलं, मास्तर लोक किती ठोंब असतात.

“सर, मी केतकी घोलप. फोन केला होता. मला दहावीला चौऱ्याण्णव टक्के आहेत.”

“असू दे,” मास्तर म्हणाले. “बस.”

बसायला दुसरं काही नव्हतंच. पोरगी बाजेच्या विणलेल्या अंगाला टेकली, आणि सुंभाची झोळी होऊन खाली गेली. बूड भुईला, गुडघे हनुवटीला.

मी हसलो. हसण्यासारखंच होतं.

मास्तर हसले नाहीत. बाजेकडं बघत राहिले. मग हात देऊन पोरीला उठवलं.

“सुबराव, हे असं का झालं?”

“सैल आहे.”

“कुठं?”

“शोधा की. का सगळं मीच सांगू?”

पोरगी कपडे झटकत होती. तिला आमच्या बाजेशी काय करायचं? तिनं पिशवीतून खाजगी शिकवणीच्या क्लासचा कागद काढला.

“सर, आज संध्याकाळपर्यंत हा फॉर्म द्यायचाय, कुठल्या कोर्सपासून बसणार ते लिहून. ऑगस्टात कॉलेजची चाचणी आहे. पास झाले तरच कॅल्क्युलसच्या वर्गात बसता येतं. नाहीतर वर्ष गेलं, आणि वसतिगृहातली जागाही गेली. पुन्हा नंबर लागायचा नाही.”

“मग?”

“क्लासमध्ये पाच कोर्स आहेत. अपूर्णांक, बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती, फलनं. एकापुढं एक. पहिल्यापासून घेतले तर तीन महिने पुरते जातात. त्रिकोणमितीपासून घेतले तर महिना उरतो. त्यात कॅल्क्युलस आधीच सुरू करता येईल. सगळ्यांच्या पुढं.”

“सगळ्यांच्या पुढं,” मास्तर म्हणाले.

त्यांनी कागद घेतला. अपूर्णांकावर पेनानं काट मारलेली होती. एकदा नाही, दोनदा. कागद फाटेपर्यंत.

“याच्यावर एवढा राग?”

“ते लहान पोरांचं आहे, सर.”

मास्तर खाली बसले. बाजेची एक एक दोरी बोटानं दाबून बघायला लागले. शेवटच्या फेऱ्यापासून मागं मागं.

“फलन म्हणजे काय?”

पोरीनं व्याख्या म्हणून दाखवली. घडाघडा. पुजारी संकल्प सांगतो तशी.

“हं. त्याच्या अलीकडं काय?”

“त्रिकोणमिती. सगळी सूत्रं पाठ आहेत.”

“साइन तीस?”

“एक छेद दोन.”

“आणि साइन तीसला कॉस साठनं भागलं तर?”

“एक. दोन्ही सारखेच.”

“हं.”

मास्तरांचं बोट मागं सरकलं. आणखी एक दोरी दाबली. सैल. तिच्या मागची. सैल.

“अर्धा भागिले पाव?”

पोरगी हसली. माझ्याकडं बघून हसली, म्हाताऱ्याला काय झालंय, अशी.

“दोन.”

“तुझ्याकडं अर्धा होता. भागलास. भागल्यावर कमी व्हायला पाहिजे. दोन झाले. वाढलं कसं?”

“खालचा उलटा करून गुणायचं असतं, सर.”

“रीत नाही विचारली. वाढलं कसं?”

पोरीनं हवेतच बोटानं गणित मांडलं.

“उलटा का करायचा?”

“...तसंच असतं.”

“कोण म्हणतं?”

पोरीचं तोंड लाल झालं. देवळातली घंटा कुणीतरी वाजवली. मला असं नुसतं बघत बसणं सोसत नाही.

“अहो, काय लावलंय!” मी म्हणालो. “दोन्ही हात पसरले की एक वाव दोरी होते. ही घ्या अर्धी वाव. हिचे पाव-पाव वावेचे तुकडे करा. किती निघतात? दोन! दोरी कुठं वाढली? दोरी आहे तेवढीच आहे. तुकडे मोजले नुसते.”

दोरी मी पोरीच्या हातात दिली. तिनं ती दुमडली. उलगडली. परत दुमडली.

मग दोन्ही तुकडे बोटानं मोजले.

“काका, तुम्ही किती शिकलात?”

“चौथी. तीपण पुरती नाही.”

“मला हे सहावीत कळलं नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, प्रश्न नको, पेपरात येतं तसं लिही. मी तसं लिहिलं. पैकीच्या पैकी मिळाले.”

“पुढं?” मास्तर म्हणाले.

“पुढंही तसंच लिहीत आले.”

“आणि कॅल्क्युलस म्हणजे तरी काय गं? बारक्या तुकड्याला बारक्या तुकड्यानं भागायचं, आणि विचारायचं, किती निघाले...”

पोरगी मटकन जमिनीवरच बसली. बाजेवर बसायची हिंमत नव्हती तिची.

“म्हणजे सहावीपासून सगळं परत? मला तीनच महिने आहेत, सर. आणि त्या वर्गात सगळी बारकी पोरं असणार. मला हसतील.”

मास्तरांचं बोट एका दोरीवर थांबलं होतं. त्यांनी ती दाबली, तिच्या मागची दाबली. मागची टणक होती, खाटकन बोट परत आलं.

“सुबराव, हाच का?”

“हाच. फेरा दांडीला आवळलाच नाही तुम्ही. तसेच पुढं गेलात. त्या दिवशी पेपर वाचत विणत होता.”

“तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाहीत. म्हणालात, जमतंय मला.”

आता मात्र मास्तर हसले. पोट धरून हसले. पोरीलाही हसू फुटलं. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसली.

मग मास्तरांनी दोरीचं टोक धरलं आणि उसवायला सुरुवात केली. एक फेरा, दोन फेरे. चांगली दिसणारी नक्षी सरसर सुटत गेली. बघवत नव्हतं. अकरा फेरे गेले.

बाराव्याला थांबले.

“अजून मागं नाही उसवायचं?” पोरीनं विचारलं.

“कशाला? मागचं घट्ट आहे.”

त्यांनी तो फेरा दांडीभोवती घातला, पायानं रेटा दिला आणि आवळला. मी दुसऱ्या अंगानं ओढून धरला. पुढचे अकरा फेरे हां हां म्हणता झाले. हाताला वाट ठाऊक होती ना. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून हलली नसेल, तेवढ्यात झाले.

पोरगी बघत होती. मग तिनं कागद मांडीवर घेतला. काट मारलेला शब्द परत लिहायला जागा नव्हती, म्हणून वर, कोपऱ्यात लिहिला. अपूर्णांक. त्याच्यापुढं एकचा आकडा घातला.

“सर, ऑगस्टपर्यंत पोचेन ना मी?”

मास्तरांनी बाजेवर थाप मारली. “बस.”

ती घाबरत घाबरत टेकली. मग जरा सरकून बसली. मग पाय उचलून, सगळा भार टाकून बसली. सुंभ करकरला, पण बाज हलली नाही.

मास्तर उठले. गुडघे धरून, कण्हत. सुंभाची गुंडाळी उचलून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.

“उरलेली अर्धी तू विण,” ते म्हणाले. “आणि अडलीस तर मला नको, याला विचार.”