कथिलाचे छर्रे

“म्हणजे वापरायचे की नाही, वस्ताद? एका शब्दात सांगा.”

शर्वरी इंगवलेनं दोन डब्या बाजेवर ठेवल्या. एक शिशाच्या छर्र्यांची, दुसरी कथिलाच्या. दोन्ही नव्या, न फोडलेल्या.

बाबालाल मुल्लाणींनी त्या एकेका हातात घेऊन तोलल्या. कथिलाची हलकी लागली. परत ठेवल्या.

“चहा घेणार?”

“मी विचारलं त्याचं…”

“आधी चहा.”

कडुनिंबाखाली दोघं बसले. समोर पत्र्याची लांब शेड होती. एके काळी ते गुऱ्हाळ होतं. चुलवाण बुजवून वस्तादांनी तिथं एअर रायफलची रेंज केली, त्यालाही आता जमाना झाला होता. तरी ऊन तापलं की भिंतींना अजून गुळाचा वास सुटायचा.

शर्वरी शाळेत होती तेव्हा कोल्हापुरातून सायकली हाणत पोरं इथं यायची. दोरी ओढली की कप्पीवरून निशाणाचा कागद सरसरत पुढ्यात यायचा आणि सगळे त्यावर वाकायचे. कुणाचं भोक बरोबर मध्ये पडलं, तर वस्ताद शाबास म्हणत नसत. तळहातावर गुळाचा खडा ठेवत आणि पुढं जात. पुढे शर्वरीला पदकं बरीच मिळाली. त्या खड्याची चव मात्र कशालाच आली नाही.

आता पोरं शहरातल्या नव्या संकुलात जात. तिथं कागद नव्हता, दोरी नव्हती. पडद्यावर आकडा उमटायचा. शर्वरीही तिथंच सराव करायची, नव्या पोरींना शिकवायचीही. राज्यात तिचं नाव होतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

चहा संपला तशी ती बोलली.

“मला चौथा महिना आहे, वस्ताद.”

वस्तादांनी कप खाली ठेवला. चेहरा उजळला.

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिशापासून लांब राहा. छर्रे हाताळताना बोटांना लागतं, निशाणामागं त्याची धूळ उडते. बाळाला बाधतं म्हणाल्या. म्हणून हे कथिलाचे मागवले. पहाटे, हॉलमध्ये कुणी नसताना, खिडक्या उघडून मारते. पण…”

“पण?”

“जात नाहीत हो नीट. दहा पॉइंट पाच मारणारी मी, नवावर येते. पुढच्या महिन्यात राज्याच्या संघाची निवड आहे. ही संधी गेली तर परत कधी? नवरा म्हणतो, यंदा सोड. सासूबाई तर कधीपासून म्हणतात. मला सोडायचं नाही.”

“मग कशाला सोडतेस?”

“तेच तर विचारायला आले. हे छर्रे वापरण्यात अर्थ आहे का? की त्यांच्यापायी हातचं घालवतेय मी?”

वस्ताद उठले.

“बंदूक आणलीस?”

“गाडीत आहे.”

ती बंदुकीची पेटी घेऊन आली आणि सवयीनं शेडकडे वळली. दाराशी पोचते तोच वस्तादांची काठी आडवी आली.

“आत नको.”

“वस्ताद, किती वर्षांनी आलेय… नुसतं बघते.”

“आत नको म्हटलं ना.”

ती उंबऱ्याबाहेरच थांबली. आत अंधार होता. वास आला, तोच. कप्पी दिसत होती, दोरी तुटून लोंबत होती, निशाणामागच्या वाळूवर करडी धूळ बसली होती. डोळे भरून आले, पण ती मागं फिरली.

वस्तादांनी अंतर पावलांनी मोजलं आणि ओढ्याच्या बांधाला एक फळी टेकवून तिच्यावर कागद ठोकला. वारा पडलेला होता.

“छर्रे मी भरणार,” ते म्हणाले. “तू डब्यांकडं बघायचं नाही. बार झाला की भोक बघ आणि सांग, शिशाचा की कथिलाचा.”

“पण शिसं…”

“तुझ्या हाताला लागणार नाही. उभी राहा.”

ती जॅकेट चढवून उभी राहिली. वस्ताद पाठमोरे होऊन एकेक छर्रा काढायचे, बंदुकीत भरायचे आणि बाजूला व्हायचे. ती श्वास सोडायची, थांबायची, चाप दाबायची. मग तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावायची.

“डावीकडं गेला. कथिलाचा.”

वस्तादांनी पुढचा छर्रा भरला.

“हा बसला. शिशाचा हा. कळतंच, वस्ताद, हाताला कळतं.”

“हं.”

“परत डावीकडं. कथील.”

असं बराच वेळ चाललं. शेवटचा छर्रा मध्यभागी बसला. ती वळली तेव्हा वस्तादांनी दोन्ही डब्या तिच्यापुढं धरल्या.

कथिलाची उघडी होती. शिशाच्या डबीवरची कागदी पट्टी जशीच्या तशी चिकटलेली होती.

शर्वरी बघत राहिली…

ओढ्याकडून कुणीतरी म्हशी हाकत गेलं.

“म्हणजे फरक नाहीच,” ती शेवटी म्हणाली.

“आहे की.”

“आहे?”

“मी बघितलाय. बंदूक सुताराच्या शिकंज्यात आवळून बसवली आणि दोन्ही मारले. शिसं मऊ, नळीला धरून जातं. भोकावर भोक. कथील कडक, वजनाला हलकं. जरा पसरतं. थोडंच, पण पसरतं.”

“मग माझं बरोबरच होतं.”

“शिकंज्याला दिवस जात नाहीत, पोरी.”

ती हसली, आणि हसता हसता तिनं खाली पाहिलं. जॅकेटची खालची बटणं लागत नव्हती. ती तिनं गेल्या पंधरवड्यापासून तशीच सोडून दिली होती. पाय मात्र गेल्या वर्षीसारखेच टाकले होते, जवळ जवळ, कंबर पुढं काढून.

वस्तादांनी काठीच्या टोकानं तिचा डावा पाय बाहेर सरकवला. मग थोडा आणखी.

“आता दोघं उभी आहात. तशी उभी राहा.”

ती तशी उभी राहिली. अवघडल्यासारखं झालं. पहिले काही कुठंही गेले. मग हळूहळू एका जागी येऊ लागले. सगळे नाही, पण बरेचसे.

निघताना तिनं बंदूक पेटीत ठेवली आणि थांबली.

“आणि ते थोडं पसरतं म्हणालात… तेवढ्यानंच संघ हुकला तर?”

“हुकेल.”

“बस? एवढंच?”

“दुसरं काय सांगू? खोटं सांगू?”

तिनं पेटी गाडीत ठेवली. मग शेडकडे बघून म्हणाली, “आम्ही छर्रे ओठात धरायचो. आठवतं? एक मारला की पटकन दुसरा. मी तर चघळायचे. घरी गेले की आई म्हणायची, जीभ काळी कशानं झाली.”

“मीच शिकवलेलं ते.”

“तेव्हा कुणाला ठाऊक होतं, वस्ताद.”

वस्तादांनी गाडीचं दार लावून दिलं.

निवडीला ती कथिलाचेच छर्रे घेऊन गेली. पाय वस्तादांनी सांगितले तसे टाकले. वर्षभरात मारला नव्हता एवढा चांगला नेम तिनं त्या दिवशी मारला. तरी संघातली शेवटची जागा गुणाच्या एका दशांशानं गेली. ज्या मुलीला मिळाली ती शर्वरीच्याच हाताखाली शिकलेली होती. ती वाकून नमस्कार करायला आली तेव्हा शर्वरीनं तिला जवळ घेतलं. गाडीत बसल्यावर मात्र खूप रडली.

तो दशांश तिच्या मनातून गेला नाही. बाळाचे कपडे शिवताना, रात्री कूस बदलताना, तो तिथंच असायचा.

थंडीत मुलगी झाली. सहज, सुखरूप. उन्हाळा लागला तशी तिला घेऊन ती वस्तादांकडं आली.

शेडचे पत्रे उतरवायचं काम चाललं होतं. जागा विकली नव्हती, पण पावसाळ्यात छप्पर टिकलं नसतं. वस्ताद सकाळपासून निशाणामागच्या वाळूतून जुनं शिसं वेचून पोत्यात भरत होते. गाडी बघितली तसे ते लगबगीनं बाहेर आले आणि कडुनिंबाखाली बाज ओढली.

“नाव काय ठेवलंस?”

“ईश्वरी.”

“नाव चांगलं आहे.”

ते बाळाकडे बघत उभे राहिले. जवळ मात्र आले नाहीत.

शर्वरीनं इकडचं तिकडचं विचारलं. पत्र्यांचं काय करणार, गुडघा कसा आहे. मग तिला राहवलं नाही.

“वस्ताद, एक विचारू?”

“विचार की.”

“तुम्हीच म्हणालात, शिसं भोकावर भोक जातं. म्हणजे त्या दिवशी शिसं वापरलं असतं तर मी संघात असते.”

“असतीस.”

“नक्की?”

“नक्की कोण सांगणार? पण असतीस, असं वाटतं मला.”

तिला वाटलं होतं, ते नाही म्हणतील.

“मग त्या कथिलाचा काय फायदा झाला? डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं ठीक आहे. पण शिसं मारूनही ठीक असतंच की कदाचित. कळणार कसं? जे झालंच नाही ते कुणाला दाखवायचं? दशांश तर सगळ्यांनी बघितला…”

ऐकता ऐकता वस्ताद नकळत बाजेजवळ आले होते.

बाळ आईच्या मांडीवर चुळबुळ करत होतं. त्यानं हात लांब केला, वस्तादांचं खाली लोंबतं बोट धरलं आणि तोंडाकडं ओढू लागलं.

वस्तादांनी बोट सोडवून घेतलं. ते करड्या रंगानं माखलेलं होतं.

बाळानं रडायला सुरुवात केली. शर्वरीनं पदरानं त्याची मूठ पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

वस्ताद हौदाकडं गेले. साबण घेतला. हात धुतले. नखांत काडी घालून काढलं, परत धुतले. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. शेडवरची माणसं हाका मारत होती, त्यांच्याकडं बघितलंही नाही. अंगातली बंडी काढून दुसरी घातली. हात झटकून वाळवले.

शर्वरी बघत होती. तिनं पुढं काहीच विचारलं नाही.

वस्ताद परत आले, बाजेशी उकिडवे बसले, आणि बाळापुढं बोट धरलं.

“घे. आता धर.”