राखेवरची पावलं

फार जुनी गोष्ट आहे, मुंग्या रानभर निरोप पोचवायच्या तेव्हाची. वारुळातल्या खोल्या वाटायचं काम ठकूमावशीकडे होतं, आणि ती त्याला पार विटली होती. निरोप नेणारी प्रत्येक मुंगी म्हणायची, "मावशी, खोली मोठीच दे. एका निरोपातून दहा निघाले तर ठेवू कुठे?" मावशी देत गेली. शेवटी वारूळ भरलं. नव्या मुंग्या निरोप तोंडात धरून बाहेर उन्हात ताटकळल्या.

"आणखी खणा," आतल्या म्हणाल्या.

"आधीच माझी कंबर नावाला. तीही खणून खणून मोडली," मावशी म्हणाली. तिने खोल्याखोल्यांत राख पसरली. आठ दिवसांनी पाहिलं, तर पावलं दाराशीच घुटमळलेली. पुढची राख जशीच्या तशी. सगळ्या खाली बघू लागल्या. पावलं संपली तिथून जरा जागा सोडून मावशीने भिंती घातल्या, आणि उन्हातल्या मुंग्या आत आल्या.

दमूनभागून ती आपल्या खोलीत शिरली. राख तिथेही होती. पावलं दारापासून अंथरुणापर्यंतच गेली होती.

मावशीने सुस्कारा सोडला आणि बाहेर हाक मारली, "अजून कुणी राहिलंय का गं?"