हैबतीनं राखलेलं विमान

एका गावात एक भोळा गडी होता, हैबती त्याचं नाव. सांगितलेला शब्द तो खाली पडू देत नसे. फक्त तो भलत्याच जागी नेऊन वापरायचा.

गावच्या माळावर मंदाताईंनी उन्हावर चालणारं विमान बनवलं होतं. तेलाचा थेंब लागत नसे. पंखांवर ऊन पडलं की बॅटरी भरायची आणि एका माणसाला घेऊन ते उडायचं. ढग आले की मात्र जमिनीवर. हैबती त्याचा राखणदार.

"पंखांवर सावली पडू देऊ नकोस," ताई म्हणाल्या.

दुपारी बाभळीची सावली पंखावर आली. हैबतीनं बाभूळच तोडली.

"अरे शहाण्या, विमान बाजूला घ्यायचं!"

"चुकलो ताई. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी एक म्हैस पंखाला अंग घासू लागली. हैबतीनं विमान बाजूला घेतलं. म्हैस मागोमाग आली. विमान पुढे, म्हैस मागे, असा सगळा माळ फिरून झाला.

"अरे, काठी उगारून हाकलायचं!"

"चुकलो ताई. आता ध्यानात ठेवतो."

मग शहरातून साहेब आले. विमान पसंत पडलं तर ते ताईंच्या कामाला मदत करणार होते. ते पंखाला जरा टेकले. हैबतीनं काठी उगारली. साहेब थेट ओढ्यापर्यंत पळाले.

ताईंना रडूच कोसळलं. "अरे, लांबून आलेल्या पाहुण्याला सावलीत बसवावं, पायांवर पाणी घालावं, जेवल्याशिवाय सोडू नये!"

हैबतीला फार वाईट वाटलं. आता चुकायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

ताईंनी हातापाया पडून साहेबांना पुन्हा बोलावलं. "आज विमान उडालं नाही, तर आपलं काम कायमचं बंद," त्यांनी हैबतीला बजावलं. सकाळीच त्या विमानातून शेजारच्या गावापर्यंत जाऊन आल्या. बॅटरी संपली होती, पण ऊन लख्ख होतं. दुपारपर्यंत ती भरली असती. विमान हैबतीवर सोपवून त्या साहेबांना आणायला गेल्या.

हैबतीनं विचार केला. लांबून कोण आलं? विमान!

दुपारी ताई साहेबांना घेऊन आल्या. विमान चिंचेच्या गर्द सावलीत उभं होतं. चाकं धुतलेली. निघून जाऊ नये म्हणून खुंटाला बांधलेलं. ताई आत बसल्या, कळ दाबली. पंखा हलेना.

"हैबती, अरे उपाशी मारलंस त्याला!"

हैबती पितळी ताट घेऊन धावत आला.

"उपाशी कसं ठेवीन, ताई? सकाळपासून ताट उन्हात धरतोय, उन्हानं भरभरून आणून वाढतोय. पण पाहुणा भारी लाजरा, घासही घेत नाही. साहेब, तुम्ही जरा पंगतीला बसा, म्हणजे तो जेवेल!"