जांभळीवरचा नाच

फार पूर्वी एका कड्यावर मधमाश्यांचं मोठं राज्य होतं. त्यातल्या काही माश्यांनी नदीपलीकडच्या जांभळीवर नवं पोळं बांधलं. तरी रोज सकाळी कड्यावरून राणीचा दूत येई आणि फुलं कुठे आहेत ते नाचून दाखवी. त्याच दिशेला उडायचं, असा राणीचा हुकूम होता.

पण तो नाच कड्यावरून पाहून बसवलेला. जांभळीवरून त्या दिशेला गेलं, की नुसता खडक लागे. पोळ्यातली पिल्लं उपाशी राहू लागली. म्हाताऱ्या सोनपंखीला त्यांच्याकडे बघवेना.

एके सकाळी ती दूताला म्हणाली, "बाळा, आज तू बस. आमचा नाच आम्ही नाचू."

"राणीसाहेब फौज पाठवतील, आजी!"

"पाठवू देत. नांग्या आम्हालाही आहेत."

फौज आली. जांभळीखाली पंखांचा सडा पडला, सोनपंखीच्या दोन लेकी गेल्या, पण अखेर फौज परत फिरली.

पुढच्या बहरात जांभळीवरचा एक थवा टेकडीवर राहायला गेला. तरुण माश्या उत्साहाने म्हणाल्या, "आजी, त्यांना आपला नाच शिकवून येतो!"



"जा," सोनपंखी म्हणाली, "पण त्यांचा नाच बघून या."