दीड व्होल्ट

"हे अक्षर कुणाचं?"

इलाहीचाचांनी कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण उलटं धरलं होतं. आतल्या पत्र्यावर काळ्या मार्करनं लिहिलेलं होतं, १.५. खाली झोकदार सही.

"माझं," तेजपाल मगदूम म्हणाला.

इचलकरंजीतल्या चाचांच्या दुरुस्तीच्या दुकानाचा रिवाजच होता तो. ज्यानं यंत्र उघडलं, त्यानं काय बदललं ते झाकणाच्या आतून लिहायचं आणि खाली नाव टाकायचं. चाचांनी तो रेडिओच्या जमान्यापासून पाळला होता. तेजपाल दोन वर्षांपूर्वी डिप्लोमाला पहिला येऊन इथं शिकायला आला, आणि रिवाज त्याला भारी आवडला. नाव टाकायला कुणाला आवडत नाही?

"प्रोसेसरला किती व्होल्ट लागतात?" चाचांनी विचारलं.

"सव्वाच्या आसपास. काम वाढलं की थोडे चढतात. रिकामा बसला की एकाच्याही खाली येतात."

"आपले आपण?"

"हो. बोर्ड ठरवतो ते."

"मग तू का ठरवलंस?"

"शुभदावहिनी म्हणत होत्या, त्यांचं मशीन हळू चालतंय. मी वेग वाढवला. वेगाला जास्त व्होल्ट लागतात, म्हणून दीडवर बांधून टाकले." तेजपालचं नाक अजून वरच होतं. "चाचा, घरात दोनशे तीस व्होल्ट येतात. पाव व्होल्टनं असं काय होतंय?"

चाचा उठले. भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यांनी त्यातला सेल काढला आणि तेजपालच्या तळहातावर ठेवला.

"मूठ मिट. लागतंय काही?"

"नाही."

"किती व्होल्टचा आहे?"

"दीड."

"दिवसभर धरलास तर?"

"तरी काही नाही लागणार."

"तुला नाही लागणार," चाचा म्हणाले आणि घड्याळ मांडीवर घेऊन बसले.

तेजपालची मूठ मिटलेलीच राहिली. तीन महिने त्या प्रोसेसरनं क्षणाचीही उसंत न घेता दीड व्होल्ट सोसले होते. आधी मशीन मधेच अडकायला लागलं, मग बंदच पडलं. हे त्याला आठ दिवसांपूर्वी झाकण उघडताक्षणीच कळलं होतं. पण चाचांना ते आज कळत होतं. आणि त्या दिवशी तो वहिनींना काय बोलला होता, ते तर चाचांना ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. शुभदावहिनी कोष्टीच आल्या. कॉम्प्युटरवर त्या साड्यांच्या काठांची नक्षी काढून यंत्रमागवाल्यांना देत.

"झालं का हो आमचं मशीन?"

"बघतोय," तेजपाल पुटपुटला.

"सावकाश बघा. चूक आमचीच म्हणायची." वहिनी चाचांकडे वळल्या. "ह्या तेजपालनी सांगितलं, घरातली लाइट कमीजास्त झाल्यानं जळलं. आमचे सासरे आहेत ना, अण्णा, ते सकाळी पाण्याची मोटर लावायचे. त्यानंच झालं असणार. मी आपली रागाच्या भरात बोलून गेले त्यांना. नको नको ते बोलले."

चाचांनी मांडीवरचं घड्याळ बाजूला ठेवलं.

"आता ते कशालाच हात लावत नाहीत बघा. काल भर दुपारी नुसते घाम पुसत बसलेले. म्हटलं, अण्णा, पंखा तरी लावा. तर म्हणतात, नको गं पोरी, आणखी काही जळायचं."

वहिनी हसल्या, पण ते हसू काही धड उमटलं नाही.

तेजपालला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तो झाकणावरच्या सहीकडे बघत राहिला. चाचांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

"परवा येते," वहिनी म्हणाल्या आणि गेल्या.

चपलांचा आवाज रस्त्यात विरला. तेजपालचे कान तापले होते, आणि वर बघायची सोय नव्हती. चूक केली ती केली. वर वहिनींशी खोटं बोललो. आणि आता सांगायची वेळ समोर चालून आली, तेव्हा दातखीळ बसली! आपल्याच हुशारीची त्याला शिसारी आली.

"चाचा, तुम्ही का नाही बोललात?"

"झाकणावर माझं नाव नाही."

तेजपालच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, लाइटचं म्हटलं की कुणाचंच नाव येणार नाही. लाइट काय, कुणाचीच नसते."

चाचांनी हुंकार भरला.

"मी नवा प्रोसेसर आणतो, चाचा. माझा मी. आज बसवतो, व्होल्ट होते तसे करतो. मग होईल ना सगळं नीट?"

"मशीन होईल."

"त्यांच्या घरी जातो. वहिनींना खरं सांगतो. अण्णांचे पाय धरतो."

"धर की. पाय धरून तुला बरं वाटेल."

"मग मी करू तरी काय?"

चाचांनी त्याच्या मुठीतून सेल काढून घेतला.

"अण्णांनी आपल्या हातानं पंखा लावला, की दुकानात ये."